परीटघडी

सदतीस वर्षं हॉटेलच्या धोबीखान्यात इस्त्री केली मी, पुंता अरेनासला,
म्हणून सिनेमा मला आधी कॉलरीत दिसतो,
चेहऱ्यात मागाहून.

आता ही तुर्की मालिका घ्या, आमच्या भाषेत बोलणारी.
नायक रात्रभर धक्क्यावर गुडघे टेकून रडतो,
सकाळी कचेरीत हजर, अंगावर परीटघडी.
कोणी केली ती इस्त्री?
घरात बाई नाही, ती तर तिसऱ्याच भागात पळाली.
माझा विश्वास तिथे उडतो,
रडण्यावर नाही, बाहीवर.

युद्धाचा सिनेमा पाहिला, सगळे म्हणाले थोर आहे.
सात दिवस खंदकात, आणि मरताना काढलेला रुमाल
पांढराशुभ्र, चार घड्यांचा.
मी चहा टाकायला उठले.

न्यायालयाची ती मालिका, ऐंशी भाग,
एवढ्यात न्यायाधीश एकदाही जेवला नाही.
उपाशी माणसाचा निकाल मी मानत नाही.

आवडलं काय, विचाराल तर
एक जुना, काळापांढरा, रडतखडत चाललेला सिनेमा.
वर्तमानपत्राने त्याला दीड तारा दिला, तो अर्धाही जास्तच.
पण त्यात एक मोलकरीण आहे, तिला नाव नाही, वाक्य नाही.
ती डबलबेडची चादर एकटीने घडी करते,
मध्य हनुवटीखाली धरून, हात ताणून.
तसंच करतात, समोरचं टोक धरायला कोणी नसलं की.
मी रिमोट खाली ठेवला.
ते सोडून बाकी सगळं विसरले.

हे सगळं मी एलिओदोरोला ऐकवते.
तो आमचा बॉयलरवाला, आता सामुद्रधुनीच्या पलीकडे, पोर्वेनीरला.
वारा सुटला की बोट बंद, फोन मात्र चालतो.
दोन वर्षांपूर्वी त्याची नजर गेली,
तेव्हापासून दोघांचे टीव्ही एकाच वाहिनीवर,
फोन उशीला टेकवून.
त्याचा टीव्ही माझ्याहून दोन सेकंद पुढे,
त्याच्या घरात गोळी सुटते,
माझ्या घरात माणूस अजून हसत असतो.

मी सांगते: ती जिना उतरते आहे. पत्र जाळलं. पडदा हलला.
तो ऐकतो, मधेच खोकतो.
एकदा म्हणाला, बापाने स्वतःच मारलं ना जावयाला,
आणि आता त्याच पोरीच्या डोक्यावरून हात फिरवतोय,
काय काळजाचा माणूस!
मी म्हटलं, वेडा झालास? मारणारा वेगळा, बाप वेगळा.
मग लक्षात आलं:
आवाज देणारा नट एकच,
पैसे वाचवायला त्यांनी बापाला आणि खुन्याला
एकच घसा दिलेला.
त्याच्या अंधारात ते दोघे कधीच दोन नव्हते.
एकशे दहा भाग तो वेगळीच गोष्ट बघत होता,
आणि ती माझ्या गोष्टीपेक्षा कितीतरी चांगली.

मी दुरुस्त केलं नाही.
उलट मदत केली.
खुनी पळाला की सांगायचे, म्हातारा बाहेर पडला.
बाप दारात आला की, बघ, परत आला.
खोटं बोलले, हो. धोबीखान्यात डाग लपवतो तेवढंच.

काल शेवटचा भाग झाला.
पोलिसांनी खुन्याला गाडीत घातलं, बाप पोरीला बिलगला,
सगळं नीटनेटकं, खळ घातल्यासारखं.
एलिओदोरोने विचारलं, म्हाताऱ्याला नेलं?
नेलं, म्हटलं मी.
पोरगी?
दारातच उभी आहे.
बराच वेळ त्याच्याकडून नुसता वारा.
मग म्हणाला, शर्ट कसा आहे त्याचा?
चुरगळलेला, मी म्हटलं, पाठीवर तर फारच.
हं, म्हणाला, मग खरं असणार.

सोमवारी नवी सुरू होते आहे.
जाहिरातीत एक डॉक्टर दाखवतात, त्याचा कोट मी पाहिला.
नीळ जास्त झाली आहे.